गोड वाऱ्याचा उन्हाळा

होळीची राख विझली की नागपुरात कूलर जागे होतात. वर्षभर गच्चीवर, जिन्याखाली जुन्या चादरी पांघरून पडलेली ही पत्र्याची धुडं अंगणात येतात. गल्लीभर पाइप पसरतात, टाक्या घासल्या जातात, मागच्या उन्हाळ्याची काळी पडलेली खस, म्हणजे वाळा, उपटून फेकली जाते. मग नवी खस पहिल्यांदा भिजते आणि असा वास सुटतो, की रस्त्यानं जाणारा माणूसही क्षणभर सायकल हळू करतो. सायकल म्हटलं ती जुन्या सवयीनं. आता गाड्याच आहेत, आणि गाडीवाले मेल्यासारखे तोंडं बांधून जातात. त्यांना कसला वास!

आमच्याही गच्चीवर एक कूलर आहे. यंदा मी तो खाली उतरवून घेतला, तर मुलगा वैतागला.

"आई, घरात एसी आहे नं? मग हे भंगार काहून उतरवून राहिली?"

"हवा खायाले."

"एसीची हवा काय कडू लागते का तुले?"

"कडू नाही रे बापा," मी म्हटलं, "पण गोडही नाही."

तो कपाळाला हात लावून निघून गेला. आई आता वयानं असं बोलते, असं त्यानं बायकोला सांगितलं असणार. वय झाल्याचा हा मोठा फायदा असतो. आपण काय बोलतो याचा अर्थ लावायचा कोणी त्रासच घेत नाही.

त्याच दिवशी माझी नात, सई, पुण्याहून आली. नोकरी तिकडे, उन्हाळ्याची सुटी इकडे. बॅगेतून तिनं रबरासारख्या मऊ भिंतींचा एक जाडजूड पेला काढला. तो आधी फ्रीझरमध्ये ठेवायचा, मग त्यात सरबत ओतायचं आणि बाहेरून दाबत बसायचं. दाबता दाबता आतल्या आत सरबताचा बर्फाळ लगदा होतो. ती त्याला स्लश म्हणते.

"आजी, बघ! दोन मिनिटांत! तुमच्या वेळी होतं का असं काही?"

मी त्या पेल्याकडे पाहिलं. गुलाबी, भुरभुरीत, चमच्यावर न ठरणारा, पेल्याच्या कडेला किंचित पांढुरका होत जाणारा लगदा. तोंडात गेला की आधी टाळू बधिर, मग कपाळात कळ, आणि कळ ओसरता ओसरता मागून हळूच साखर. मी डोळे मिटले, आणि मला एक पोट्टी दिसली. दोन वेण्या सोडून नुकताच अंबाडा बांधायला लागलेली, हातभर हिरव्या बांगड्या, आणि अंगात नको तितका आत्मविश्वास. काटोलची कुसुम. ती पोट्टी म्हणजे मीच. पण इतक्या वर्षांनी तिची जबाबदारी घेण्याचं मला काही कारण दिसत नाही.

कुसुम लग्न होऊन नागपूरच्या नंदनवन वस्तीत आली तेव्हा तिकडे घरं कमी आणि ऊन जास्त होतं. झाडं लावलेली होती, पण ती माणसाच्या गुडघ्याएवढी. त्यांना पाणी घालताना आपणच त्यांच्यावर सावली धरायची. त्याच वर्षी घरात फ्रिज आला. गल्लीतला पहिला. तो स्वयंपाकघरात ठेवतात, ही गोष्ट आमच्याकडे बऱ्याच उशिरा कळली. आमचा फ्रिज बैठकीत होता. येणाऱ्याला दिसायला नको? सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, डोक्यावर विणलेला रुमाल टाकला आणि वर काचेचा मोर ठेवला. फ्रिज चालू झाला की सगळा थरथरायचा आणि मोर हळूहळू कडेकडे सरकायचा. संध्याकाळी त्याला ओढून परत मध्ये आणणं हे सासऱ्यांचं काम.

फ्रिजसमोर पहिल्याच दिवशी कुसुमनं जाहीर केलं, "आमच्या काटोलात आम्ही घरीच संत्र्याचा बर्फ बनवत होतो."

ही शुद्ध थाप. काटोलच्या आमच्या घरी वीजच पाहुण्यासारखी यायची, फ्रिज कुठला? बर्फ म्हणजे भुशात गुंडाळून गोणपाटातून येणारी लादी. तीही कोणाचं लग्न असलं तर. लादी फोडताना उडालेले तुकडे आम्ही पोरं फ्रॉकच्या घेरात झेलायचो आणि भुशासकट चोखायचो. लाकडाची चव लागायची. अजूनही कुठे सुतारकाम चाललेलं असलं की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. पण नव्या सुनेनं सासरी हे सांगायचं असतं होय?

सासूबाईंनी कमरेला पदर खोचला. "असं? मग करून दाखव नं वं."

झालं. तिथून कुसुमचा उन्हाळा सुरू झाला.

पहिल्या खेपेला तिनं लिंबाचं सरबत केलं आणि सासरची साखर जपून वापरावी म्हणून साखर बेतानं घातली. साखर कमी पडली की सरबताचा धोंडा होतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. स्टीलच्या डब्याचं झाकणच निघेना. आमच्या ह्यांनी डबा दोन गुडघ्यांत धरला, सासऱ्यांनी बत्ता हाणला. झाकण उडून पंख्याला लागलं आणि आतून एक गोल, गुळगुळीत, चकचकीत शाळिग्राम बाहेर पडला. सासऱ्यांनी मोठ्या प्रेमानं तो दाढेखाली धरला. बर्फाला काही झालं नाही.

दुसऱ्या खेपेला तिनं साखर अशी ओतली की ते गोठेचना. दिवसभर फ्रीझरमध्ये, आणि संध्याकाळी जसंच्या तसं चिकट पाणी. कुसुम म्हणाली, फ्रिजमध्ये खोट आहे. आमचे हे सदर भागातल्या ऑफिसात कारकून. त्यांनी दुसऱ्या दिवशी साहेबांची परवानगी काढून मेकॅनिकला घरी आणलं. मेकॅनिकनं फ्रिज पाहिला, डबा पाहिला, बोट बुडवून चाटलं आणि पाणी मागितलं.

मग पन्ह्याचा बर्फ झाला. त्यात जिरं तळाशी आणि मीठ वर. ताकाचा झाला, तो जुन्या भिंतीच्या चुन्यासारखा पापुद्र्यांनी सुटायचा. चहाचासुद्धा करून पाहिला, आणि तो कोणाला द्यायची हिंमत न झाल्यामुळे तिनं एकटीनं मोरीत उभं राहून संपवला. अपयश इतकं थंडगार असतं हे तिला तेव्हा कळलं.

आणि मग ते जिभेचं प्रकरण.

वैशाखातली दुपार. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही. घरातले सगळे जेवून आडवे झालेले. कुसुम चोरपावलांनी बैठकीत आली, फ्रिज उघडला, फ्रीझरमधला ॲल्युमिनियमचा ट्रे बाहेर काढला. त्याच्या कडेला पांढरं हिव साचलं होतं; मखमलीसारखं. त्याला पाहून तिला राहवलं नाही. तिनं जीभ लावली.

जीभ निघेना.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण मलाही काही लाज आहे. सुनेच्या जिभेला ट्रे लोंबकळतोय, फ्रिजचं दार सताड उघडं, वरचा मोर थरथरतोय, आणि आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज येतो, "कोण आहे वं तिकडे?"

"ङ्ङ्ङ," कुसुम म्हणाली.

"मांजर घुसली वाट्टे!" म्हणत सासूबाई झाडू घेऊनच आल्या. पाहिलं. झाडू खाली ठेवला. त्यांनी सुनेला दंडाला धरून मोरीत नेलं आणि नळ सोडला. नागपुरात वैशाखात नळाचं पाणी वेगळं तापवावं लागत नाही. जीभ सुटली. मागून हसण्याचा असा स्फोट झाला की शेजारच्या घरातलं मूल उठून रडायला लागलं.

ते हसणं माझ्या नणंदेचं. विमलचं.

विमलच्या हसण्याबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अडलेलं आहे. ती उंच, सावळी, कामाला वाघीण; पण हसायला लागली की पितळी भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज व्हायचा. एकदा सुरू झालं की थांबणं तिच्या हातात नसायचं. तिला पाहायला आलेली दोन स्थळं त्या हसण्यावरून परत गेली होती. एकात मुलाच्या काकांची शिंक अर्ध्यात अडकली होती, आणि दुसऱ्यात पाहुण्यांनी पोह्यातली मिरची शेंग समजून... जाऊ दे. दोन्हीकडून एकच निरोप आला: मुलगी चांगली आहे, पण हसते फार.

आणि आता तिसरं स्थळ यायचं होतं. मुलगा सदरच्या बाजूचा, शाळेत गणित शिकवणारा. नाव मनोहर. आदल्या वर्षी एका लग्नात विमलनं त्याला पंगतीत वाढताना पाहिलं होतं. एका म्हाताऱ्या बाईंना बुंदी चावत नव्हती, तर त्यानं त्यांच्यासाठी आत जाऊन दूध आणलं, त्यात बुंदी कालवून दिली आणि कोणाला काही न बोलता पुढच्या पानाकडे गेला. एवढंच. पण पापड लाटता लाटता विमल मला हळूच म्हणाली, "वहिनी, मले हाच पाहिजे वं. नाही जमलं तर मी दुसरं कोणतं स्थळ पाहूच देणार नाही." आणि पहिल्यांदाच मी तिला न हसता बोलताना पाहिलं.

जिभेच्या प्रकरणानंतर सासूबाईंनी फ्रिजला कुलूप लावलं होतं. तेव्हाच्या फ्रिजला किल्ली असायची. ती त्यांच्या कमरेला, चांदीच्या छल्ल्यात, तिजोरीच्या किल्लीशेजारी. गार पाणी हवं असेल त्यानं त्यांच्या मागे मागे फिरायचं. पण पाहुण्यांच्या दिवशी कुसुमनं हट्टच धरला: पोहे तर सगळेच देतात, आपण काचेच्या बाउलमध्ये बर्फाचा चुरा आणि त्यावर गुलाबाचा पाक देऊ. पाहुणे आयुष्यभर लक्षात ठेवतील.

पाहुण्यांनी आयुष्यभर लक्षात ठेवलं, एवढं तिच्या बाजूनं कबूल करायला हवं.

सासूबाई कशाबशा तयार झाल्या. विमलला बजावण्यात आलं, काही झालं तरी हसायचं नाही. सासऱ्यांनी कूलर ताब्यात घेतला. खस ते स्वतः भरायचे. दुसऱ्या कोणी हात लावला तर हवा बिघडते म्हणायचे. कूलरजवळ रबरी चप्पल घातल्याशिवाय जायचं नाही, हाही त्यांचाच कायदा. त्या दिवशी खास पाहुण्यांसाठी त्यांनी बर्फाची लादी आणून कूलरच्या टाकीत सोडली. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला कूलरच्या अगदी समोर बसवतात. तिकडे बर्फाचा वारा यावा म्हणून ही सोय.

पाहुणे आले. मुलगा पांढऱ्याशुभ्र शर्टात. त्याचे वडील पांढऱ्या सदऱ्यात. आई मोतिया रंगाच्या रेशमी साडीत. तिघंही कूलरसमोर ओळीनं. सासूबाई त्यांच्यापुढे मांडी घालून बसल्या. किल्ली त्यांच्या कमरेला.

आणि इकडे स्वयंपाकघरात कुसुमच्या लक्षात आलं की पाक अजून गरम आहे. मोठा गंज, म्हणजे पातेलं, भरून पाक, लालभडक, कारण रंगाची पुडी तिनं अख्खी रिकामी केली होती. गरम पाक बर्फावर ओतला तर बर्फाचं पाणी होणार. तो गार करायला फ्रिज हवा. फ्रिज बैठकीत, पाहुण्यांच्या मागे, कुलपात. दारामागून तिनं बांगड्या वाजवल्या. सासूबाईंनी पाहिलं नाही. पुन्हा वाजवल्या. मुलाच्या आईनं पाहिलं.

मग त्या हुशार मुलीला सुचलं: घरात आणखी एक जागा थंडगार आहे की!

खिडकीबाहेर, लोखंडी स्टँडवर कूलर घरघरत होता. कुसुमनं मागची खसची ताटी अलगद काढून भिंतीला टेकवली. टाकीत बर्फाची लादी पडलेली. वर मस्त सपाट जागा. तिनं गंज लादीवर ठेवला, आणि आपल्या अकलेवर खूश होऊन बाउल पुसायला आत गेली.

लादी वितळली. वितळणारच. तिला वितळण्यासाठीच तर आणलं होतं. एका बाजूनं जरा जास्त वितळली, आणि गंज कलंडला.

आधी नुसता वास आला. बैठकीतून मुलाच्या वडिलांचा आवाज ऐकू आला, "वा वा! काय सुगंध आहे बापा! खस कुठून आणता हो तुम्ही?"

सासरे खुलले. "कुठून काय, आपल्या हातानं भरतो. त्याची एक पद्धत आहे."

कुसुम बाउल टाकून धावली. अनवाणी. कूलरपाशी येऊन पाहते तर टाकी लालेलाल, पंप तेच पाणी वर चढवतोय, आणि उरलेल्या दोन्ही ताट्यांवरून गुलाबाचा पाक निथळतोय. त्या कूलरला आधीपासूनच शिंतोडे उडवायची खोड होती. काढलेल्या ताटीच्या जागेतून, फिरणाऱ्या पात्यांपलीकडे तिला अख्खी बैठक दिसत होती, लुकलुकणारी, तुकड्यातुकड्यांची. पांढरा शर्ट. मोतिया साडी. त्यांवर एक ठिपका. मग दुसरा. मग खूप.

मुलाच्या आईनं आधी छताकडे पाहिलं. मग साडीकडे. मग मुलाच्या कपाळावरचा ओघळ पाहिला आणि किंचाळल्या, "अवं माय! पोराले रक्त येऊन राहिलं!"

वडील उठून त्याचं डोकं चाचपायला लागले. सासरे नुसतेच "पद्धत... पद्धत..." म्हणत राहिले. कुसुमनं गंज काढायला टाकीत खांद्यापर्यंत हात घातला. करंट लागला नाही, हे त्या पोट्टीचं नशीब. आणि या सगळ्यात तो मुलगा शांतपणे बसला होता. त्यानं कपाळावरचा थेंब बोटावर घेतला, पाहिला आणि चाटला.

"गोड आहे," तो म्हणाला.

बस्स. विमलचा बांध फुटला. मांडणी कोसळली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, सगळ्या फळ्यांसकट. ती भिंतीला धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. तेवढ्यात कुसुम हातात रिकामा गंज घेऊन, खांद्यापर्यंत लाल होऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, किल्ली देता का?"

पाहुणे उठले. चप्पल घालता घालता मुलाच्या आई म्हणाल्या, "कळवतो." हा शब्द ज्यांनी ऐकलाय त्यांना मी काय सांगू.

त्यानंतरचा उन्हाळा मुंग्यांचा. त्या कुठून आल्या कोण जाणे. खबर अख्ख्या नंदनवनात गेली असावी. काळ्या, लाल, डोंगळे. खिडकीतून रांगा, खसमध्ये रांगा, ह्यांच्या टिफिनच्या पिशवीत रांगा. ऑफिसात फाइल उघडली की मुंगी निघायची आणि सगळे ह्यांना विचारायचे, "काय हो, वहिनींनी आज काय गोठवलं?" सासऱ्यांनी कूलर कितीदा धुतला, पण खस एकदा गोड झाली ती झाली. अख्खा मोसम आमच्या घरात गुलाबाचा वारा वाहत होता. भिंतीला हात लावला तर हात चिकटायचा, झोपून उठलं तर उशी डोक्याबरोबर उठायची. गल्लीतली पोरं दुपारी येऊन कूलरसमोर रांगेत बसायची आणि तोंडं उघडून जिभा बाहेर काढायची. फुकटचा गोळा!

इतकं सगळं होत होतं, पण विमल हसत नव्हती.

ती कोणाला काही बोलली नाही. मलाही नाही. सकाळी गच्चीवर कुरडया घालायची आणि चिमण्या हाकत बसून राहायची. मी तिला हसवायला काय काय केलं! जिभेला वाटी लावून "ङ्ङ्ङ" करून दाखवलं. तिनं एका बाजूनं ओठ हलवला आणि पुन्हा चिमण्यांकडे पाहायला लागली. ज्या हसण्यावर घरात सगळे वैतागायचे, ते नाहीसं झाल्यावर घर इतकं मोठं वाटायला लागलं, की सासूबाईसुद्धा मधूनच थांबून कान द्यायच्या. टपालवाला आला की सगळे आपापलं काम फार मन लावून करायचे.

आणि मग एका दुपारी, उन्हानं डांबर मऊ झालेलं असताना, फाटक वाजलं.

बाहेर मनोहर उभा होता. सायकल, डोक्याला ओला दुपट्टा, आणि कॅरिअरला दोरीनं करकचून बांधलेलं गोणपाट. त्यातून पाणी टपकत होतं. फाटकापासून मागे रस्त्यावर त्या थेंबांची एक ओली रेघ गेली होती. मागची मागे वाळत चाललेली.

सासूबाई दारात आल्या. त्यानं नमस्कार केला.

"त्या दिवशी ते खायचं राहून गेलं," तो म्हणाला. "म्हटलं, बर्फ आपणच घेऊन जावा."

त्यानं दोरी सोडली, गोणपाट उलगडलं, भुसा झटकला. सदरहून निघताना अख्खी लादी होती म्हणे. आता साबणाच्या वडीएवढा एक तुकडा उरला होता. तो तळहातावर घेऊन हा माणूस उभा. बोटांमधून पाणी गळतंय, आणि चेहरा गणिताच्या मास्तरासारखा गंभीर.

"अन् तुमच्या आई?" सासूबाईंनी विचारलं.

"आईनं ती साडी कितीदा धुतली. डाग जात नाहीत." त्यानं घसा साफ केला. "आई म्हणते, आता ही साडी मी काही नेसत नाही. जी हसली, तिलेच नेसू द्या."

त्याच्या हातातला बर्फ वितळतच होता. सासूबाईंनी कमरेचा छल्ला काढला, फ्रिजची किल्ली सोडवली आणि न पाहताच मागे उभ्या असलेल्या कुसुमपुढे धरली.

"जा वं," त्या म्हणाल्या. "जावयाच्या हातातलं संपायच्या आत घेऊन ये. अन् तो ट्रे चाटू नको."

आणि मग गच्चीवरून, कुरडयांच्या मधून, भांड्यांची अख्खी मांडणी कोसळल्याचा आवाज आला. चिमण्या गेल्या त्या पार कोपऱ्यावरच्या कडुनिंबावर जाऊन बसल्या.

ती किल्ली माझ्याकडे अजून आहे. फ्रिज कधीच गेला. त्याच्यानंतरचे दोन गेले. आता दार उघडं राहिलं तर आपणहून ओरडणारा आलाय. अशा फ्रिजसमोर कुसुमची काय छाती होती! स्लश करायला मात्र मला अजूनही कोणता पेला लागत नाही. सरबत जरा जास्तच गोड करायचं, पसरट डब्यात ओतायचं, अधूनमधून काढून काट्यानं खरवडायचं आणि घाई करायची नाही. खरवडताना जो खसखस आवाज होतो ना, तो ऐकला की मला ओल्या गोणपाटाचा वास येतो. परवा सई माझ्याकडून शिकत होती. काटा हातात धरून, मान खाली घालून म्हणाली,

"आजी, रविवारी माझा एक मित्र येतोय. अद्वैत. नुसता भेटायला, हां."

"नुसता पुण्याहून नागपुरात? या उन्हाळ्यात?"

"आजी!"

"मी कुठं काय म्हटलं?"

"तो खूप शांत आहे गं. बोलत नाही फारसा. बाबांना वाटतं, असा माणूस कळायचा कसा. आणि मला तर..." तिनं उगीचच तेच सरबत पुन्हा खरवडलं. "मला तोच हवाय, आजी. प्लीज, तू काही करू नकोस."

तिचा आवाज मी ओळखला. पापड लाटता लाटता एकदा ऐकला होता.

आता तुम्हीच सांगा, शांत माणूस कळायला किती सोपा असतो! चारचौघांत, मानाच्या जागी बसलेलं असताना त्याच्या कपाळावर अचानक लाल थेंब पडायला हवा. कोणी वर पाहतो, कोणी कपड्यांकडे पाहतो, कोणी आपण कोणाला बोलावं ते शोधतो. आणि एखादा बोट लावून चाटतो. विमल आणि मनोहरभाऊजी आजही याच गावात, एकाच चपट्या डब्यातून दोन चमच्यांनी स्लश खातात. तिच्या दातांना झिणझिण्या येतात आणि त्यांच्या कपाळात कळ. त्या मोतिया साडीची त्यांनी गोधडी केलीय. ठिपके अजून आहेत.

विमलला मी काल फोन केला. सगळं सांगितलं. तिकडून असा आवाज आला की फोन मला कानापासून हातभर लांब धरावा लागला.

"वहिनी," दम घेत ती म्हणाली, "गुलाबाचा पाक मी घेऊन येऊ का?"

"पाक माझा तयार आहे वं. भाऊजींना म्हण, बर्फ तेवढा आणा. अन् सायकलवर नको."

तेव्हा कूलर खिडकीला लागलाय. खस नवी आहे. मी स्वतः भरलीय. त्याची एक पद्धत असते. रविवारी दुपारी एसी चालेल की नाही, हे मी आत्ता कसं सांगू? यंत्र आहे ते, आणि त्याचं बटण माझ्या खोलीत आहे.

सईला मात्र मी एवढंच सांगून ठेवलंय, की आमच्याकडे पहिल्यांदा येणारा पाहुणा पांढरा शर्ट घालून येतो. घराण्याची रीत आहे.